घरचा नाश्ता, नागपुरी हिशेबाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायको सकाळच्या शाळेत शिकवते. पावणेसातला तिची स्कूटी फाटकाबाहेर पडते, त्यामुळे गेली अकरा वर्षं आमच्या घरचा नाश्ता माझ्याकडे आहे. सुरुवात चहा-टोस्टापासून झाली होती. आता पुण्याला गेलेली भाची, ऑफिसातली दोन पोरं आणि वरच्या मजल्यावरचे काका, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. दर वेळी फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं. मापं वाटीची आहेत, आणि वाटी म्हणजे आपली वरणाची वाटी.

सकाळी वेळच नसतो. रोज ताजं कसं जमतं?

सकाळी जमतच नाही. जे काही जमतं ते आदल्या रात्री. भांडी आवरली की झोपायच्या आधी काहीतरी भिजत घालायचं: काळे चणे, हिरवे मूग, नाहीतर आंबिलीचं पीठ. हिरव्या मिरच्या आणि सांबार धुऊन, पुसून डब्यात. उद्या पोहे असतील तर पोहे मापून चाळणीशेजारी. फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, महिन्यातून दोनदा भाजून बरणीत. कांदा मात्र रात्री चिरत नाही, सगळ्या फ्रीजला वास लागतो आणि दुधालाही.

सकाळी सहाला डोळे अर्धे मिटलेले असतात. त्या वेळी हातांना काम द्यावं, डोक्याला देऊ नये. “आज काय करू?” हा प्रश्न सकाळी पडला की उत्तर बिस्किटच येतं.

आमचा आठवडा असा: दोनदा पोहे, एकदा उकडपेंडी, एकदा धिरडी, एक दिवस उरलंसुरलं. शनिवारी बायको सांगेल ते. रविवारी तर्री, म्हणजे पोह्यांवर ओतायचा काळ्या चण्यांचा लाल तवंगाचा रस्सा.

तुम्ही सांबार म्हणता ते इडलीबरोबरचं का?

नाही हो. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. भाचीचा नवरा पहिल्यांदा नागपूरला आला तेव्हा सांबारवडी म्हटल्यावर वाटी पुढे करून बसला होता. तसंच गोडलिंब म्हणजे कढीपत्ता, आलू म्हणजे बटाटा, सोजी म्हणजे रवा, सराटा म्हणजे उलथणं. पुढे हेच शब्द येतील.

तर्री घरी केली की ठेल्यासारखी लाल का दिसत नाही?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारणारा बहुतेक वेळा तिखट वाढवून, डोळे पुसत बसलेला असतो. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. तेल कमी पडलं की तिखट गाळासारखं तळाशी जातं आणि रस्सा विटकरी दिसतो. मग अजून तिखट, अजून विटकरी. तर्री म्हणजेच वर तरंगणारा तो लाल तवंग. तो नको असेल तर चण्याची उसळ करा, तीही चांगली लागते, पण तिला तर्री म्हणू नका.

चार जणांसाठी एक वाटी काळे चणे, छोटे गावरान, रात्रभर भिजवलेले. कुकरमध्ये मीठ आणि एक तेजपान घालून चार शिट्ट्या, मग बारीक गॅसवर पाच मिनिटं. चणा बोटांत दाबला तर दबावा, पण सालातून निसटू नये. शिजलेलं पाणी ओतून देऊ नका, अर्धी चव त्यात असते.

वाटणाला दोन मोठे कांदे उभे चिरून, थोड्या तेलावर चांगले तपकिरी होईपर्यंत परतायचे. इथे घाई केली की रस्सा गोडसर होतो. मग पाव वाटी किसलेलं सुकं खोबरं, दोन चमचे धने, चमचाभर जिरं, चमचाभर खसखस, चार लवंगा, पाच-सहा मिरे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एक मसाला वेलची. दगडफूल चिमूटभर आणि अगदी शेवटी, कारण ते जळलं की कडू होतं. आलं-लसूण घालून सगळं गंधासारखं बारीक वाटायचं.

आता जिथे माझी पहिली तर्री मेली ती जागा. गंजात, म्हणजे पातेल्यात, अर्धी वाटी तेल तापवलं होतं, धूर निघेपर्यंत, आणि त्यात एकदम तीन चमचे तिखट टाकलं. तिखट क्षणात काळं झालं. घरभर असा ठसका उठला की आई देवघरातून उठून थेट अंगणात गेली आणि वरच्या काकांनी खिडक्या लावून घेतल्या. ते काळं तेल पाहिलं की अजूनही लाज वाटते. तेव्हापासून क्रम बदलला नाही: तेलात आधी वाटण, ते तेल सोडेपर्यंत, म्हणजे आठ-दहा मिनिटं परतायचं. मग गॅस बंद. अर्धा मिनिट थांबायचं. मग हळद, तिखट घालून सराट्याने फिरवायचं. तेल डोळ्यांदेखत लाल होतं. लगेच चण्याचं पाणी आणि कढत पाणी, सगळं मिळून पाच वाट्या. चणे, मीठ, पुन्हा गॅस, एक दणदणीत उकळी. त्यानंतर गॅस बारीक, झाकण अर्धवट, वीस मिनिटं, आणि ढवळायचं नाही. ढवळत राहिलात तर तेल रश्शात फिरत राहतं, वर जमत नाही.

तिखटासाठी मी भिवापुरी मिरची वापरतो. आपल्याच जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि रागीट. सोबत रंगासाठी थोडी ब्याडगी. दोन चमच्यांत भिवापुरी पाऊण, बाकी ब्याडगी. मुलगी लहान होती तेव्हा पाव चमचाच घालत होतो.

त्यात सावजी मसाला घातला तर?

घालणारे घालतात. माझं मत विचाराल तर नको. सावजी हा विणकर हलबा-कोष्टी समाजाच्या घरातला स्वयंपाक. तो मसाला मटणाशी झटापट करायला केलेला आहे, पोह्यांवर तो पोह्यांना खाऊन टाकतो. रविवारी दुपारी खा की सावजी, सकाळी नको.

पोहे एकदा गिच्च होतात, एकदा कोरडे. काय चुकतं?

पाणी आणि वेळ. जाड पोहे घ्या. चाळणीत दोनदा धुवा, पातेल्यात बुडवून ठेवू नका. निथळले की मीठ, चिमूटभर साखर, हळद लावून दहा मिनिटं विसरून जा. दाणा बोटांनी दाबल्यावर मोडला पाहिजे, मेणासारखा पसरायला नको. कढईत कोरडे वाटले तर दुधाचा किंवा पाण्याचा हात मारून झाकण ठेवा.

तर्रीसोबत खायचे पोहे मुद्दाम फिके ठेवा. मिरची कमी, तेल कमी, लिंबू कढईत अजिबात नाही, ते ताटलीवर. आधी पोहे, त्यावर चणे, मग पळीने वरची तर्री, मग बारीक कांदा, शेव, सांबार. आणि लगेच खायचं. शेव भिजेपर्यंत फोटो काढणाऱ्यांना आमच्याकडे दुसरी वाढ मिळत नाही.

उकडपेंडी म्हणजे नक्की काय?

विदर्भाबाहेर हे नाव काढलं की लोकांना एखाद्या काढ्याचं नाव वाटतं. फोडणीवर भाजून वाफवलेली जाडसर कणीक, एवढंच. पण माझ्या मते आपल्या भागातला सगळ्यात गुणी नाश्ता हाच. घरात भाजी नसो, पोहे संपलेले असोत, कणीक असतेच.

तिघांसाठी दीड वाटी जाडसर कणीक. चक्कीवर “उकडपेंडीसाठी” म्हटलं की तो जाड दळून देतो. ती नसेल तर रोजच्या कणकेत चार चमचे सोजी मिसळा. कढईत कोरडीच, बारीक गॅसवर भाजायची. सहा-सात मिनिटांनी घरात पोळी भाजल्यासारखा वास सुटतो, तेव्हा काढून घ्या. त्याच कढईत पाच चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, गोडलिंब, मिरच्या, दोन कांदे बारीक चिरून. कांदा मऊ झाला की हळद, मीठ, आणि कणीक परत आत.

आता आंबट ताक, साधारण पाऊण वाटी. ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. शिंपडायचं, सराट्याने गाठी मोडायच्या, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ. असं तीन-चार वेळा. मी पहिल्यांदा वाटी एकदम उपडी केली होती. मुलीने चमचा उभा करून पाहिला, तो उभाच राहिला. “बाबा, यानं पोस्टर चिकटवायचे का?” म्हणाली.

जमलेली उकडपेंडी ओल्या वाळूसारखी दिसते. मुठीत दाबली तर लाडू वळतो, बोट लावलं की सुटतो. वरून कच्चं तेल, बाजूला कांदा आणि लिंबाचं लोणचं. ज्वारीच्या पिठाचीही होते, पण तिला ताक जास्त लागतं आणि थंड झाली की घशात अडते.

आईला दात नाहीत. तिच्यासाठी वेगळं करायचं का?

वेगळं करू नका, वेगळं काढा. माझ्या आईला वेगळी ताटली दिली की तिला आजारी असल्यासारखं वाटतं. म्हणून पोहे सगळ्यांचे तेच, पण तिच्या वाट्यावर दोन चमचे गरम दूध शिंपडून आणखी पाच मिनिटं झाकतो, आणि फल्लीदाण्यांऐवजी दाण्याचा कूट. तर्रीतले पळीभर चणे वाटीच्या बुडाने चेचून तिच्या रश्शात. उकडपेंडीवर साधं वरण ओतलं की तिला चालते.

अगदीच बरं नसेल त्या दिवशी तांदळाच्या कण्यांची पेज, वर तूप आणि मेतकूट.

मे महिन्यात गॅससमोर उभं राहवत नाही. तेव्हा?

पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की नागपुरात स्वयंपाकघर ही राहण्याची जागा उरत नाही. कूलर तिकडे वळवला तर गॅस फडफडतो, नाही वळवला तर आपण. नवतपा सुरू झाला, म्हणजे साधारण 25 मेपासूनचे नऊ दिवस, की माझा गॅस साडेसहाला बंद होतो.

तेव्हा आंबील. रात्री चार चमचे ज्वारीचं पीठ एक वाटी ताकात कालवून झाकून ओट्यावर ठेवायचं. सकाळपर्यंत आंबट वास येतो. तीन वाट्या पाण्यात मीठ, जिरं, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या घालून उकळी आणायची आणि ते पीठ एका हाताने ओतत, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत चकाकी येते, कच्चा वास जातो. निवलं की ताक घालून हवं तेवढं पातळ करायचं. आईच्या लहानपणी ती मातीच्या भांड्यात ठेवायचे, मी फ्रीजमध्ये ठेवतो. कच्चा कांदा चावत प्यायची. पोट भरतं आणि उन्हात निघायला हिंमत येते. मुलीला लसूण आवडत नाही, तिच्या पेल्यात फक्त जिरं.

सोबत कैरीचं पन्हं असेल तर दुसरं काही नको.

आणि हिवाळ्यात?

हिवाळ्यात काय नाही ते विचारा. तुरीच्या शेंगा आल्या की मी पोह्यांत मटर घालणं बंद करतो. तुरीचे सोले मीठ-पाण्यात पाच मिनिटं उकडून फोडणीत टाका, फरक कळेल. शेंगा सोलायचं काम रात्री बातम्या बघताना सगळ्यांनी मिळून.

सांबाराच्या जुड्या स्वस्त झाल्या की वर्षातून दोन-तीनदा सांबारवडी, म्हणजे पुडाची वडी. हा एकट्याने करायचा नाश्ता नाही. जुड्या निवडून धुऊन कपड्यावर पूर्ण वाळवाव्या लागतात, ओल राहिली की वडी तेलात फुटते. सारणात सांबार, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, तिखट, मीठ, किंचित साखर. वरच्या पारीला बेसन आणि थोडी कणीक किंवा मैदा. लाटलेल्या पारीला आतून चिंच-मसाल्याचा हात लावायचा, सारण भरायचं, पाकिटासारखं मिटायचं, मध्यम तेलात तळायचं. एक जण लाटणार, एक भरणार, एक तळणार, आणि आमच्याकडे एक जण फक्त चव बघणार. सोबत गरम कढी.

संत्र्यांचं सांगायला हवं. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याला त्याचे दोन बहार माहीत असले की पुरे: आंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात. नाश्त्याला रस काढण्यापेक्षा फोडी सोलून, काळं मीठ-जिरेपूड भुरभुरून द्या. रसच हवा असेल तर बिया काढल्याशिवाय मिक्सर फिरवू नका. बिया दळल्या गेल्या की पेलाभर रस कडू होतो आणि साखर घालूनही सुधारत नाही.

घरात कोणाचा वाढदिवस आहे. सकाळी काहीतरी खास करायचंय. काय करू?

नवीन पदार्थ करू नका. मोबाइलवर पाहिलेली गोष्ट पहिल्यांदा करायला वाढदिवसाची सकाळ निवडणारे लोक नऊ वाजता ठेल्यावर भेटतात. मीही भेटलो आहे.

रोजचंच करा, फक्त त्या माणसाच्या हिशेबाने. माझ्या मुलीला थालीपिठाची मऊ मधली बाजू आवडत नाही, कुरकुरीत कड आवडते. तिच्या वाढदिवसाला मी एक मोठं थालीपीठ न लावता पुरीएवढी सहा छोटी लावतो. प्रत्येकाला मधे भोक, भोकात तेल, सगळीकडे कडच कड. बायकोला पोह्यांत दाणे नको असतात. इतकी वर्षं ती ते बाजूला काढत होती आणि मी बघत होतो. गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला बिनदाण्याचे केले. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतले.

गोड पाहिजेच असेल तर शिरा: एक वाटी सोजी, अर्ध्या वाटीहून थोडं जास्त तूप, पाऊण वाटी साखर, सव्वादोन वाट्या दूध-पाणी मिळून, आणि तेही उकळतं. सोजी तुपात बदामी होईपर्यंत भाजा. साखर शेवटी. आधी घातली तर सोजीचा दाणा फुलत नाही.

एकटाच राहतो. एकट्यासाठी कुठे गॅस पेटवायचा?

हे ऑफिसातल्या पोरांचं. बायको आणि मुलगी आठवडाभर अमरावतीला गेल्या आणि आई बहिणीकडे होती, तेव्हा मी चार दिवस बेसिनपाशी उभं राहून टोस्ट खाल्ले. म्हणजे मलाही बोलायला तोंड नाही.

पाचव्या दिवशी मुगाची धिरडी केली आणि तेव्हापासून तेच सांगतो. एक वाटी हिरवे मूग रात्री भिजवा, सकाळी आलं, मिरची, जिरं, मीठ घालून वाटा. आंबवायची गरज नाही. झाकून फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन दिवस पुरतं, म्हणजे उद्याही तवा तापवला की झालं. सोबत दही. अंडं चालत असेल तर एका अंड्यात बारीक कांदा, मिरची, सांबार, मूठभर शिळ्या पोळीचे तुकडे. चार मिनिटांत पोटभर. आणि ताट घेऊन बसा. उभं राहून खाल्लेलं मोजत नाहीत.

शिळी पोळी आणि शिळा भात वापरावा का?

पोळी बिनधास्त. हाताने कुस्करा, मिक्सरमध्ये घालू नका, भुगा होतो. कांदा, मिरची, गोडलिंबाची फोडणी, वरून थोडा गूळ आणि लिंबू.

भाताचं जरा जपून. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात जे पुन्हा परतल्यानेही जात नाही. आपल्या उन्हाळ्यात तर तासाभरातच फ्रीजमध्ये गेला पाहिजे. वास आला, चिकट तार सुटली, तर फोडणीच्या नादी लागू नका.

इडलीचं पीठ कधी उतू जातं, कधी फुगतच नाही.

नागपूरची हवा. मे महिन्यात पाच-सहा तासांत फुगतं, म्हणून रात्री उशिरा वाटा. जानेवारीत पंधरा-सोळा तासही लागतात, म्हणून दुपारीच वाटून पिठाच्या डब्याला जुनी शाल गुंडाळा.

शुगर आहे. पोहे सोडावेत का?

डॉक्टरांना विचारा, गोळीची वेळ तर नक्कीच त्यांनाच. वरच्या काकांपुरतं सांगतो, त्यांच्या डॉक्टरांनी मान्य केलंय म्हणून: त्यांच्या ताटलीत पोहे अर्धे आणि चणे दुप्पट, तर्रीचा तवंग पळीने बाजूला, संत्र्याचा रस नाही, अख्खं संत्रं. शेव ते स्वतः चोरून घेतात.

दहा-बारा पाहुणे आहेत. काय ठेवू?

पोहे-तर्री. किलोभर जाड पोह्यांत बारा जणांचं निघतं, चणे अर्धा किलो. पोहे दोन घाण्यांत करा, एकाच कढईत कोंबले तर खालचे करपतात आणि वरचे कच्चे राहतात. तर्री पहाटेच करून ठेवली तर मुरते. धिरडी, थालीपीठ असं तव्यावरचं काही ठेवू नका. पाहुणे गप्पा मारतात आणि तुम्ही तव्यापाशी पाठ करून उभे असता. शेवटचं धिरडं तुमच्या वाट्याला येतं तेव्हा ते चप्पल घालत असतात.

तर्री उरली तर?

उरत नाही. उरलीच तर संध्याकाळी आलूबोंडे तळा, वाटीत एक-एक फोडून ठेवा आणि वर उकळती तर्री ओता. दुसऱ्या दिवशीची तर्री पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, म्हणून मी हल्ली चणे सव्वा वाटी भिजवतो आणि घरात कोणाला सांगत नाही.